स्थावर जमीन, जंगम छप्पर : चेन्नईच्या परिसरात सरकत्या हरितगृहांचे अर्थकारण



भारतीय कायद्याने मालमत्तेचे दोन वर्ग मानले आहेत, स्थावर आणि जंगम. जमीन, घर, विहीर या गोष्टी स्थावर. बैलजोडी, ट्रॅक्टर, पाण्याचा सुटा पंप या जंगम. मग हरितगृह कोणत्या वर्गात मोडते? हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा वाटेल. परंतु महानगराच्या वेशीवर दुसऱ्याच्या जमिनीत भाजीपाला पिकविणाऱ्या कुळाला कर्ज मिळेल की नाही, अनुदान मिळेल की नाही आणि जमीनमालकाने उद्या जमीन विकली तर गुंतवलेला पैसा हाती राहील की नाही, हे सारे या एका उत्तरावर अवलंबून असते. चेन्नई हे या प्रश्नाचा अभ्यास करण्यास अत्यंत योग्य ठिकाण आहे. तेथील हवामान, तेथील भूजल आणि तेथील जमिनीचा बाजार या तिन्ही बाबी कायम रोवलेल्या हरितगृहाच्या विरुद्ध जातात.

सरकत्या हरितगृहाची कल्पना साधी आहे. गॅल्व्हनाइज्ड पाइपच्या कमानी ओळीने उभ्या करून त्यांवर अतिनील किरणांना टिकणारी, साधारणतः २०० मायक्रॉन जाडीची पॉलिथिन फिल्म ताणतात. माणूस ताठ उभा राहून काम करू शकेल इतकी उंची ठेवतात, म्हणून त्यास उंच बोगदा असेही म्हणतात. आतील हवा तापविण्याची यंत्रणा नसते, थंड करण्याचीही नसते. हवा खेळती ठेवण्याचे काम बाजूचे गुंडाळता येणारे पडदे करतात. कायम बांधणीत या कमानींचे पाय काँक्रीटमध्ये पुरलेले असतात. सरकत्या बांधणीत ते एका लांब आडव्या पाइपवर जोडलेले असतात आणि तो पाइप चाकांवर, रुळावर किंवा घसरपट्टीवर बसतो. जमिनीचे सलग दोन किंवा तीन वाफे आखलेले असतात. हंगाम संपला की दोन्ही टोकांचे पडदे वर उचलायचे, खुंट्यांवरील ताण सैल करायचा आणि संपूर्ण सांगाडा पुढील वाफ्यावर ओढून न्यायचा. पीक जागेवर राहते, छप्पर चालते.

ही कल्पना नवी नाही. रोमन सम्राट टायबेरियस यास वर्षभर काकडी हवी असे. त्यासाठी त्याचे माळी चाकांवरील वाफे उन्हात ढकलत आणि थंडीत ते पारदर्शक दगडाच्या तक्त्यांखाली आणून ठेवत, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. तेथे छप्पर नव्हे, जमीनच जंगम होती. प्लास्टिकचे युग पुढे आले ते १९४८ मध्ये अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमरी एमर्ट यांनी काचेऐवजी स्वस्त पारदर्शक फिल्म वापरून हरितगृह उभारल्यानंतर. त्याच देशाच्या मेन राज्यातील एलियट कोलमन यांनी पुढे सरकत्या हरितगृहांचा पद्धतशीर वापर केला. तेथे हिवाळा कडक असतो. उन्हाळी टोमॅटो छपराखाली असतानाच शेजारच्या उघड्या वाफ्यात पालक, गाजर यांसारखी हिवाळी पिके पेरावयाची आणि कडाक्याची थंडी येण्यापूर्वी छप्पर त्यांच्यावर सरकवावयाचे, असा तो क्रम. एकाच छपराखाली वर्षात अधिक पिके निघतात, म्हणजेच भांडवलाची उलाढाल वाढते.

आपल्याकडेही हरितगृहाचा एक आरंभ थंडीतूनच झाला. लेह येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या क्षेत्रीय प्रयोगशाळेने लडाखमध्ये जवानांना ताजी भाजी मिळावी म्हणून हरितगृहे व खंदकातील प्लास्टिक-आच्छादित वाफे रूढ केले. पुढे पुण्याजवळील तळेगाव-मावळ आणि तमिळनाडूतील होसूर या समशीतोष्ण पट्ट्यांत गुलाबाची हरितगृहे उभी राहिली. राष्ट्रीय फलोत्पादन अभियान २००५-०६ मध्ये सुरू झाल्यावर अनुदानाच्या बळावर हीच रचना देशभर पसरली. आक्षेपाचा मुद्दा येथेच उद्भवतो. पठारावर यशस्वी ठरलेला नमुना किनाऱ्यावर तसाच नेता येतो, असे गृहीत धरले गेले.

चेन्नई सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जानेवारीतही रात्रीचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. थंडीपासून पिकाचे रक्षण करण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. मे महिन्यात दुपारचे तापमान ३७-३८ अंशांपर्यंत सहज जाते आणि त्या दिवसांत प्लास्टिकखालील हवा बाहेरच्यापेक्षाही तापते. पंखे व ओले पॅड लावून हवा थंड करण्याचा उपाय कोरड्या प्रदेशात उत्तम चालतो. किनाऱ्यावरील हवा मात्र आधीच बाष्पाने भारलेली असते, त्यामुळे पाणी पुरेसे उडून जात नाही आणि विजेचे बिल तेवढे वाढते. टोमॅटोची फुले अशा उष्णतेत गळतात. तात्पर्य, ज्या चार महिन्यांत कायम हरितगृह सर्वांत महाग पडते त्याच महिन्यांत ते निरुपयोगी असते.

तेथे छप्पर हवे असते ते पावसापासून. चेन्नईत वर्षाकाठी सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी काळात येतो. १ व २ डिसेंबर २०१५ च्या पावसात तांबरम येथे चोवीस तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला. इतका टोकाचा दिवस सोडला तरी सामान्य वर्षातही या काळात उघड्यावरील पालेभाजी मातीच्या शिंतोड्यांनी खराब होते, पानांवर ठिपके पडतात, टोमॅटो-मिरचीची रोपे रोपवाटिकेतच कुजतात. नेमक्या त्याच दिवसांत कोयंबेडूच्या घाऊक बाजारात पालेभाजीचे भाव चढतात. राजगिऱ्याच्या कुळातील जी पालेभाजी तमिळ घरांत रोज शिजते ती पेरणीपासून तीन-चार आठवड्यांत काढणीस येते. पावसाळ्यात छपराखाली तिची तीन पिके घेणे शक्य आहे. शेजारच्या केरळमध्ये बाजू मोकळ्या ठेवलेली अशी पाऊस-छपरे 'मळमरा' या नावाने घराघरांच्या परसात पोहोचली आहेत. कोकणात लावणी करणाऱ्या बाया बांबू व पानांचे इरले पाठीवर घेऊन वाफ्यावाफ्याने पुढे सरकत, तेव्हा त्यांनीही चालते छप्परच वापरले होते. फरक इतकाच की ते माणसासाठी होते, पिकासाठी नव्हते.

जानेवारी उजाडला की या छपराची गरज संपते. एप्रिलमध्ये फिल्म उतरवून त्याच सांगाड्यावर सावलीची जाळी चढविता येते. परंतु प्लास्टिक उतरविणे आणि सांगाडा हलविणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीचे महत्त्व समजण्यासाठी पायाखालच्या मातीकडे पाहिले पाहिजे.

चेन्नईच्या उत्तरेस मिंजूरच्या परिसरात अरणियार व कोसस्थलैयार या नद्यांच्या खोऱ्यातील भूजलाचा अनेक दशके प्रचंड उपसा झाला आणि समुद्राचे पाणी भूगर्भातून आत सरकले. अशा भागातील विहिरीच्या पाण्याची विद्युतवाहकता समजा २ डेसिसीमेन प्रति मीटर आहे. ढोबळ हिशेबाने त्या पाण्याच्या दर लिटरमध्ये १.२८ ग्रॅम क्षार असतात. छपराखालील पिकास दररोज ५ मिलिमीटर याप्रमाणे शंभर दिवस पाणी दिले, तर प्रत्येक चौरस मीटरवर ५०० लिटर पाणी पडते आणि त्यासोबत ६४० ग्रॅम क्षार. पाणी पिकाच्या पानांतून उडून जाते; क्षार मातीतच राहतात. १००० चौरस मीटर क्षेत्रावर एका हंगामात हे ६४० किलो होतात, म्हणजे पन्नास किलोची जवळपास तेरा पोती मीठ शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने शेतात ओतल्यासारखे झाले. उघड्या शेतात हे क्षार पावसाने धुऊन खाली जातात. कायम छपराखाली पाऊस पोहोचतच नाही. सरकत्या छपराचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित लाभ हाच आहे: या वर्षी छपराखाली असलेला वाफा पुढच्या पावसाळ्यात उघडा राहतो आणि निसर्ग त्याची फुकट धुलाई करतो.

रोगकिडींचेही तसेच. एकाच जागी वर्षानुवर्षे टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची घेतल्यास मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी व मर रोगाच्या बुरशी बळावतात. मावळात बाहेरून लाल माती आणून गादीवाफे भरणे आणि रसायनांनी ते निर्जंतुक करणे हा हरितगृहाच्या खर्चाचा नेहमीचा भाग होऊन बसला आहे. माती बदलण्यापेक्षा छप्पर हलविणे स्वस्त असू शकते, हा विचार आपल्या कृषी अभियांत्रिकीत यावा तितका आलेला नाही.

आता वाऱ्याकडे वळू. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात इमारतींच्या रचनेसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग शहरवार दिला आहे. बेंगळुरूसाठी तो सेकंदाला ३३ मीटर, पुण्यासाठी ३९, तर चेन्नईसाठी ५० मीटर आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून पुण्यात दर चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन असलेला दाब चेन्नईत १५०० न्यूटन होतो, ६४ टक्क्यांनी अधिक. बेंगळुरूच्या तुलनेत तर सव्वादोन पटींहून अधिक. ६ मीटर रुंद व १५ मीटर लांब बोगद्याचा विचार करा. छपरावरील उचल या दाबाइतकीच धरली तरी ती सुमारे साडेतेरा टन भरते, आणि सांगाड्याचे वजन टनभरही नसते. हरितगृह कोसळत नाही, ते उडते. १२ डिसेंबर २०१६ रोजी 'वरदा' चक्रीवादळ चेन्नईनजीक किनाऱ्यावर आले तेव्हा शहरातील हजारो झाडे उन्मळून पडली. तेथे दुबळ्या खुंट्यांवरील प्लास्टिकचा काय पाड?

मग सरकते छप्पर तर अधिकच धोक्याचे नव्हे काय, असा प्रश्न परीक्षेत कोणी विचारला तर त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. चाकांवरील सांगाडा जमिनीशी घट्ट बांधला नाही तर तो निश्चितच धोक्याचा आहे. म्हणून प्रत्येक विसाव्याच्या जागी स्क्रू अँकर, म्हणजे जमिनीत पिळून बसवावयाचे लोखंडी खुंटे, आधीच बसवून ठेवणे, प्रत्येक कमान त्यांस जखडणे आणि टोकाच्या कमानींना तिरके आधार देणे हा खर्च टाळता येत नाही. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाच्या अपेक्षित परिणामाच्या किमान ४८ तास आधी दक्षतेची सूचना आणि किमान २४ तास आधी इशारा देतो. फिल्म जर पकडपट्टीत सर्पिल तारेने बसविलेली असेल, तर इतक्या वेळात ती उतरवून गुंडाळून ठेवता येते. उघड्या कमानींतून वारा निघून जातो. त्या दिवसांचे पीक बुडेल, भांडवल वाचेल. अर्थशास्त्रात यास पर्यायमूल्य म्हणतात: निर्णय बदलण्याची मुभा हीच एक संपत्ती असते. विशेष म्हणजे एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या निकषांत डोंगराळ भागासाठी हरितगृहाच्या खर्चात १५ टक्के वाढ मान्य होती. चक्रीवादळाच्या किनाऱ्यासाठी तशी तरतूद नव्हती. धोरण आखणाऱ्यांच्या नजरेसमोर पहाड होता, समुद्र नव्हता.

येथवर निसर्गाचा विचार झाला. परंतु खरा पेच जमिनीच्या मालकीचा आहे. चेन्नईच्या नैर्ऋत्येस श्रीपेरुंबुदूर-ओरगडम पट्ट्यात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मोटार व इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांची रीघ लागली. कांचीपुरम जिल्ह्यातील परंदूर येथे दुसऱ्या विमानतळाची जागा २०२२ मध्ये निश्चित झाली. अशा परिसरात शेतजमिनीची किंमत पिकावर ठरत नाही, भावी भूखंडाच्या आशेवर ठरते. मालक जमीन पडीक ठेवण्याऐवजी कसावयास देतो, मात्र एक-दोन वर्षांसाठी आणि बहुधा तोंडी. तमिळनाडूत शेती करणाऱ्या कुळांच्या संरक्षणाचा कायदा १९५५ पासून आहे. परंतु जो करार कागदावरच नाही त्यातील हक्क सिद्ध करावयाचा कसा?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या १०८ व्या कलमान्वये भाडेपट्टेदारास त्याने जमिनीस जोडलेल्या वस्तू ताबा सोडण्यापूर्वी काढून नेता येतात. तथापि ११७ व्या कलमाने शेतीचे भाडेपट्टे, राज्य सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज, या संपूर्ण प्रकरणातून वगळले आहेत. शहरातील दुकानदारास जे संरक्षण आपोआप मिळते ते शेतातील कुळास मिळत नाही. काँक्रीटमध्ये पुरलेले हरितगृह त्यामुळे मालकाच्या जमिनीचाच भाग ठरण्याची भीती राहते. चाकांवरील हरितगृहाबाबत ही शंका बरीच कमी होते. ते जंगम आहे हे न्यायालयास पटवून द्यावयाची गरज नाही. ते चालताना दिसते.

याचा आर्थिक परिणाम किती मोठा आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. उपरोक्त २०१४ च्या निकषांनुसार १००० चौरस मीटरच्या नैसर्गिक वायुवीजनाच्या हरितगृहास चौरस मीटरला ९३५ रुपये खर्च ग्राह्य धरला जाई, म्हणजे ९ लाख ३५ हजार. निम्मे अनुदान वजा जाता शेतकऱ्याचा हिस्सा ४ लाख ६७ हजार ५०० रुपये. व्याजदर १० टक्के आणि आयुष्य १५ वर्षे धरल्यास या भांडवलाचा वार्षिक भार सुमारे ६१ हजार रुपये येतो. मात्र तीनच वर्षांत जमीन सोडावी लागली आणि काहीही परत नेता आले नाही, तर हाच भार वर्षाला सुमारे १ लाख ८८ हजारांवर जातो. आता सरकता बोगदा घेऊ. त्याच निकषांत माणूस आत चालू शकेल अशा बोगद्याचा दर चौरस मीटरला ६०० रुपये व अनुदान निम्मे, म्हणजे ३०० होते. चाके, रूळ, जादा खुंटे धरून प्रत्यक्ष खर्च ७०० रुपये येतो असे मानू. शेतकऱ्याचा हिस्सा १००० चौरस मीटरसाठी ४ लाख रुपये होईल. तीन वर्षांनंतर सांगाडा उचलून दुसऱ्या शेतात नेला आणि त्याची किंमत त्या हिश्श्याच्या ६० टक्के उरली असे धरले, तर वार्षिक भार सुमारे ८८ हजार येतो. कायम हरितगृहाच्या निम्म्याहूनही कमी.

आकडे येथेच थांबविले तर ती फसवणूक होईल. ज्याची जमीन स्वतःची आहे आणि पंधरा वर्षे ती विकावयाची नाही, त्यास कायम हरितगृहाचा भार ६१ हजार पडतो. सरकत्या बोगद्याचे आयुष्य हलवाहलवीमुळे दहा वर्षे मानले तर त्याचा भार ६५ हजारांवर जातो. शिवाय सरकत्या छपरास दुप्पट वा तिप्पट जमीन लागते. वाफे सपाट व सरळ रेषेत हवेत. चिखलात चाके रुततात, म्हणून छप्पर हलविण्याचे काम पाऊस सुरू होण्यापूर्वी आटोपावे लागते. ओढण्यासाठी आठ-दहा माणसे किंवा हाताने फिरवावयाचे विंच हवे. ओढताना एक बाजू पुढे गेली तर कमानी पिळवटतात. होसूरच्या गुलाब-उत्पादकास हे सारे सांगण्यात अर्थ नाही. त्याचे झाड वर्षानुवर्षे जागेवर उभे असते. सरकते छप्पर हे अल्पमुदतीच्या पिकाचे आणि अल्पमुदतीच्या कसणाऱ्याचे साधन आहे.

कायम गुंतवणुकीची दुसरी बाजू महाराष्ट्राने अनुभवली आहे. फुलांचे भाव पडले, वादळवाऱ्याने प्लास्टिक फाटले, कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत, आणि २०१८-१९ च्या सुमारास राज्यातील पॉलिहाऊस व शेडनेटधारक शेतकऱ्यांनी कर्जमाफीसाठी आंदोलने केली. पीक बुडाले की हंगाम जातो. रोवलेले भांडवल बुडाले की जमीन जाते, कारण तारण जमिनीचेच असते. जंगम वस्तूवर बँक नजरगहाण करून कर्ज देते, जसे ट्रॅक्टरवर देते. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा दोन लाख रुपये केली आहे. वरील उदाहरणातील दराने ५०० चौरस मीटरच्या सरकत्या बोगद्यात शेतकऱ्याचा हिस्सा नेमका दोन लाख येतो. जमिनीचा कागद नसलेल्या कुळासाठी ही मर्यादा म्हणूनच महत्त्वाची आहे.

अनुदानाचे मात्र अद्याप जमिनीवाचून चालत नाही. महाराष्ट्रात सातबारा, तमिळनाडूत पट्टा व चिट्टा. ज्याच्या नावाचा कागद त्याच्या नावाचे अनुदान, हा सर्वसाधारण नियम. निती आयोगाने २०१६ मध्ये प्रसृत केलेल्या आदर्श शेतजमीन भाडेपट्टा कायद्यात कुळास, पट्टा संपताना, त्याच्या गुंतवणुकीचे न वापरलेले मूल्य परत मिळावे अशी शिफारस होती. राज्यांनी ती स्वीकारली तर उत्तमच. परंतु ते मूल्य ठरविणार कोण आणि वसूल करणार कसे, हे प्रश्न उरतातच. छप्परच सोबत नेता आले तर मूल्यांकनाचा वाद उद्भवत नाही.

एक प्रशासकीय अडचण तेवढी शिल्लक राहते. फलोत्पादन अभियानातून उभारलेल्या मालमत्तेची उपग्रह-नकाशावर स्थाननोंद केली जाते, जेणेकरून एकाच हरितगृहावर दोनदा अनुदान उचलले जाऊ नये. हेतू रास्त आहे. मात्र तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील एखाद्या कुळाने आपला बोगदा मालक बदलल्यामुळे चार कोस दूर नेला, तर नकाशावरील त्या बिंदूवर तपासणी अधिकाऱ्यास केवळ मोकळा वाफा दिसेल आणि अनुदान-वसुलीची नोटीस निघेल. ट्रॅक्टर कोठेही फिरला तरी त्याचा शासनाशी संबंध तुटत नाही, कारण नोंद ट्रॅक्टरची असते, तो उभा असलेल्या जागेची नसते. सांगाड्याच्या पहिल्या कमानीवर क्रमांक कोरणे आणि नोंदवहीत गट क्रमांकाऐवजी तो लिहिणे, एवढ्याने हे काम भागू शकते.